जास्तीचं अक्षर

नळी मी बाजूला ठेवली आणि नोंदवहीत लिहिलं, नाव जुळत नाही, परत. असं मी दिवसातून आठ-दहा वेळा तरी लिहिते. रक्ताच्या नळीवरचं नाव आणि सोबतच्या कागदावरचं नाव यांत एका अक्षराचा जरी फरक असला तरी नमुना पुढे सरकत नाही, असा आमच्या प्रयोगशाळेचा नियम आहे, आणि तो माझ्याइतका कसोशीने कुणी पाळत नाही, असं मॅडम सगळ्यांदेखत दोनदा बोलून गेल्या आहेत. त्याचं कारण साधं आहे. मी नावं वाचत नाही. वाचायला गेलं की डोळा फसवतो, ओळखीचं नाव दिसलं की उरलेली अक्षरं तो आपल्या पदरची भरून टाकतो. म्हणून मी जुळवते. पहिलं अक्षर पहिल्याशी, दुसरं दुसऱ्याशी. या नळीवर साधं नाव होतं आणि कागदावर त्याच नावातल्या मधल्या अक्षराला आणखी एक अक्षर जोडलेलं. मी ती लाल रॅकमध्ये उभी केली, पुढची उचलली, जुळवली, आणि तिच्या पुढची हातात असताना माझ्या लक्षात आलं की मघाची नळी माझ्या मुलीची होती.

सकाळी नवरा तिला घेऊन गेला होता. अकरा महिन्यांच्या बाळाची हिमोग्लोबिनची साधी तपासणी, डॉक्टरांनी सांगितलेली. नळी लहान मुलांसाठी असते तशी बोटाएवढी, बूच जांभळं, आत जेमतेम अर्धा चमचा रक्त. तिकडच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना कागदावरचं नाव चुकीचं वाटलं असणार आणि त्यांनी नळीवर आपल्या मनाने सुधारून लिहिलं असणार. चांगल्या मनाने. या नावाबाबतीत सगळे चांगल्या मनानेच वागतात. मी लाल रॅककडे बघत राहिले. शेजारच्या टेबलावर सेंट्रिफ्यूजचं यंत्र चालवणारे काका आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग रॅककडे बघितलं.

"तुमची ढब्बू का?"

मी मान हलवली. ढब्बू हे तिचं घरातलं नाव, ते काकांना पाठ आहे. दुसरं त्यांनी कधी उच्चारलेलं नाही.

"मग घ्या की आत. तुमचीच पोर, तुम्हालाच माहीत ती कोण आहे ते. कोण बघतंय?"

"वहीत लिहून झालंय काका."

"वही काय बोलते? खोडा."

मला खोडता आलं नाही. मी तत्त्वाची आहे म्हणून नव्हे. ती नळी उचलून पांढऱ्या रॅकमध्ये ठेवायला मला ठामपणे म्हणता यायला हवं होतं की ही माझी आहे, आणि पाच मिनिटांपूर्वी मी तिला अक्षर-अक्षर तपासून परत पाठवलं होतं. काका मान हलवत यंत्राकडे वळले. "धन्य आहे," ते यंत्राला म्हणाले. मी जिन्यात जाऊन नवऱ्याला फोन केला आणि सांगितलं की नमुना बाद झाला, पुन्हा न्यावं लागेल. मागे कुठल्याशा इमारतीत लिफ्टची दारं उघडत-मिटत होती. लिफ्ट दुरुस्त करायचं त्याचं काम आहे आणि त्याच्या फोनमध्ये सतत दारांचा आवाज असतो. "शीर सापडत नव्हती गं," तो म्हणाला, "तीनदा टोचलं." मग म्हणाला, "बरं. उद्या अर्धा दिवस घेतो." माझ्यावर तो चिडत नाही. गेल्या वर्षभरात एकदाही चिडलेला नाही, आणि ते मला कधीकधी एखाद्या बंद दारासारखं वाटतं.

जिन्याच्या कठड्याला टेकून मी ठरवलं की ते जास्तीचं अक्षर काढून टाकायचं. वाढदिवसाला दहा दिवस उरले होते. वर्षाच्या आत असेल तर जन्मनोंदणीतली दुरुस्ती आईच्या एका सहीवर होते, नंतर प्रतिज्ञापत्रं, साक्षीदार, जाहिरात, सगळी वरात निघते. हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं. त्यांनी चौकशी करून ठेवली होती. नाव त्यांनीच सुचवलेलं, त्यांच्या आईचं, अगदी साधं, शाळेच्या एका वर्गात तीन-तीन निघावीत असं. त्या नावाला मी हरकत घेतली नव्हती. पण दाखला घरी आला आणि त्यांनी चष्मा लावून तो वाचला तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "अगं, माझ्या आईच्या नावाला हे शेपूट कशाला लावलंस?" शेपूट नाही आई, मधे आहे ते, मी म्हटलं. "मग कुबड म्हणू. कुबड का काढलंस?" नवरा तेव्हा कपडे वाळत घालत होता. तो खिडकीतूनच म्हणाला, "तिने ठरवलंय आई. राहू दे." त्या दिवसापासून त्याचं तेच एक वाक्य. आईला तेच, बहिणीला तेच, लसीकरणाच्या रांगेतल्या अनोळखी बाईलासुद्धा तेच. तिने ठरवलंय. राहू दे.

आणि मी कारणं देत गेले. माणसागणिक वेगळं. ढब्बूची आत्या, म्हणजे माझी नणंद, मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "वहिनी, खरं सांग, तू त्या आकडेवाल्यांकडे गेली होतीस ना? अक्षरं मोजून देतात ते?" तिच्या डोळ्यांत इतकी उत्सुकता होती की मी हो म्हटलं. तिने लगेच त्याचा पत्ता मागितला. लसीकरणाच्या बाईंना मी सांगितलं की जुन्या काळी हे नाव असंच लिहायचे. त्यांनी ते मोठ्याने वाचून पाहिलं, जोडलेल्या अक्षरापाशी उचकी लागल्यासारख्या थांबल्या, आणि म्हणाल्या, "जुन्या काळी लोकांना वेळ असायचा." ऑफिसात सांगितलं की एका वर्गात तीन निघाल्या तर आपली ओळखू यावी म्हणून. हे कारण सर्वांना पटायचं, माझ्याही तोंडात बसलं होतं, आणि परवाच मला वाटून गेलं की हेच खरं असेल. कारण खरं कारण मला माहीत नव्हतं. ते नाव लिहिल्याचं मला आठवत नव्हतं.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. त्या रुग्णालयात अशी पद्धत होती की बाळाचं नाव नोंदणीच्या फॉर्मवर आईनेच लिहायचं, तिच्याच हाताने, खाली तिचीच सही. वडिलांनी वॉर्डाबाहेरच्या बाकावर थांबायचं. माझ्या शेजारच्या खाटांवरच्या बायका गुडघ्यावर पाटी, तिच्यावर फॉर्म घेऊन जिभेचं टोक बाहेर काढून लिहीत होत्या, एकीने तर आधी तळहातावर लिहून पाहिलं, हे मला स्पष्ट दिसतं. चार दिवसांतल्या अशा काही गोष्टी मला लख्ख दिसतात. खिडकीची कडी, तिच्यात अडकलेला पांढरा दोरा. औषधांच्या ट्रॉलीचं एक चाक, जे फिरायचं नाही, नुसतं घासत यायचं. भिंतीवरचा रंग जिथे उलला होता तिथला बदामासारखा डाग. त्याच्या कडेवरून मी नजर फिरवत असे, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. तोंडात किल्ली धरल्यासारखी चव. आणि पाठीमागे कुणीतरी रडतंय, लहान, चिकाटीने, जसं दुसऱ्याच्या घरातला फोन वाजत राहतो आणि आपल्याला वाटतं, उचलत का नाहीत ही माणसं? फॉर्म त्यात कुठेच नाही. पेन नाही, पाटी नाही. ती नाही. तिचा चेहरा मला आठवतो तो घरातला, पलंगावरचा, नवव्या-दहाव्या दिवसाचा.

फॉर्म आठवत नाही इतकंच असतं तर मी सोडून दिलं असतं. पण जे हाताने लिहिलं ते आठवत नसेल, तर हाताने आणखी काय केलं असेल? किंवा काय केलं नसेल? चार दिवसांत मी तिला एकदा तरी उचललं होतं का, हा एकच प्रश्न मी अकरा महिने घेऊन फिरत होते, आणि तो विचारणार कुणाला? विचारलं की सांगितल्यासारखंच. सासूबाईंना सांगितल्यासारखं की तुमच्या आईचं नाव मी लिहिलं तेव्हा मी तिथे नव्हते. नवऱ्याला सांगितल्यासारखं की तू वर्षभर ज्या बाईची बाजू घेतोस, तिने काहीच ठरवलेलं नाही. त्याला मी शहाणी, ठाम, जरा हट्टी हवी होते, असं मला वाटायचं. म्हणून मी ती होत गेले. तेव्हापासून मी फार जागी असते. गॅसचं बटण दोनदा, दाराची कडी दोनदा, तिच्या अंगावरचं पांघरूण नाकापासून चार बोटं खाली आहे ना ते कितीदा, मोजत नाही. दुधाच्या बाटलीवर वेळ लिहिते. सासूबाई म्हणतात, "अगं, पोर आहे ती, औषध नाही." सगळे हसतात. मीही हसते. दमायला होतं फार.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा ढब्बूला घेऊन तपासणीला गेला आणि मी नोंदणीच्या कचेरीत. त्याला सांगितलं तेव्हा तो बुटाची नाडी बांधत होता. "कशाला?" त्याने विचारलं. मी म्हटलं, शाळेत त्रास होईल. "त्याला अवकाश आहे." मी म्हटलं, कालचीच नळी बघ. त्यावर त्याने नाडी सोडून परत बांधली. "बघ बाई," तो म्हणाला, "तुला हवं तर." तिने ठरवलंय, राहू दे, असं तो प्रथमच म्हणाला नाही.

कचेरीत तीन खिडक्या होत्या. जन्म, मृत्यू आणि दुरुस्ती. दुरुस्तीच्या खिडकीपाशी सर्वांत जास्त गर्दी होती. काचेपलीकडे एक बाई, चष्म्याची दोरी गळ्यात, अंगात लोकरीचं जाकीट, समोर शेंगदाण्यांची पुडी. प्रत्येक अर्जामागे एक दाणा तोंडात टाकण्याचा त्यांचा हिशोब दिसत होता. माझा नंबर आल्यावर त्यांनी दाखला वाचला, चष्मा वर केला, परत वाचला.

"फॅशन म्हणून ठेवता आणि वर्ष भरत आलं की येता. गेल्या आठवड्यात एक जण आले, पोरीच्या नावात तीन वेलांट्या. म्हटलं, झुंबर आहे का?" त्यांनी फॉर्म सरकवला. "कारण लिहा इथे. आणि खाली सही."

कारणाची चौकट दोन बोटांएवढी होती. वर्षभर मी माणसागणिक कारणं दिली, पण इथे एकच मावणार होतं. मी लिहिलं, नजरचुकीने. सही केली, फॉर्म आत दिला. बाई उठल्या, मागच्या कपाटातून जुन्या अर्जांची एक जाडजूड बांधणी काढून आणली, पानं उलटली, माझा फॉर्म शेजारी ठेवला आणि पेन्सिलीचं टोक एकदा इकडे, एकदा तिकडे नेऊ लागल्या. मला तो हात ओळखीचा वाटला. त्या वाचत नव्हत्या, जुळवत होत्या.

"सही जुळत नाही."

"माझीच आहे."

"असेल. पण मूळ अर्जावरच्या सहीसारखी नाही. तशी करा." त्यांनी बांधणी माझ्याकडे वळवली, काचेला टेकवली.

मी बघितलं. मुलीच्या नावाच्या रकान्यात ते नाव होतं, कुबडासकट, आणि ते माझ्या अक्षरात नव्हतं. सरळ उभी, ठोकून बसवलेली अक्षरं, पेन इतकं दाबलेलं की कागदाला मागून फोड आले असणार. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये आरशाखाली तपासणीचं कार्ड आहे. त्यावर दर महिन्याला अशाच अक्षरांत तारीख असते, दोर ठीक, दारं ठीक, आणि मी रोज खाली उतरताना ती वाचते. मधलं अक्षर दोनदा आलं होतं. त्यात ठरवल्यासारखं काही नव्हतं. दोन-तीन दिवस डोळा न लागलेला माणूस जसं एकच अक्षर लिहितो आणि लिहिलं की नाही हे विसरून परत लिहितो, तसं. पहिलं जरा डुगडुगलेलं, दुसरं घट्ट. आणि खाली, आईची सही या शब्दांवर, माझी सही. माझी सही मी एका झटक्यात करते, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. इथे ती काढली होती. चित्र काढावं तशी, हात न उचलता, हळू, रेघ पट्टी लावल्यासारखी, आणि टिंबं दोन स्क्रू पिळून बसवावेत तशी गोल, भरलेली. कुठेतरी दुसऱ्या कागदावर सराव केला असणार. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून. माझी जुनी कुठली तरी सही शोधून, समोर ठेवून.

"करताय ना?" बाई म्हणाल्या. मागून कुणीतरी खाकरलं.

मी करून पाहिली. त्याने केलेली माझी सही मला करायची होती. पहिली फार पटकन झाली. दुसऱ्यांदा हळू काढायला गेले तर रेघ थरथरली. तिसऱ्यांदा टिंबं जुळली पण बाकी कुणातरी तिसऱ्याचंच झालं. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "स्वतःची सही विसरलात?" मी म्हटलं, बाळंतपणात बदलली असेल. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि का कोण जाणे, आवाज उतरला त्यांचा. "होतं असं. घरी घेऊन जा हा फॉर्म. निवांत करा. नऊ दिवस आहेत."

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी बसमध्ये केला. बहुतेक काही नाही. पण ती खोटी सही ज्याने केली त्याचं नाव मी काचेसमोर घेऊ शकले नसते. मला त्याचा राग यावा असं वाटत होतं. वर्षभर त्याने मला कारणं शोधायला लावली, आणि कारण त्याच्या न झालेल्या झोपेत होतं. पण राग यायलाही थोडी ताकद लागते. मला सारखी ती दोन टिंबं दिसत होती.

घरी आले तेव्हा दुपार कलली होती. ढब्बू त्याच्या मांडीवर होती, कोपराच्या खळीत कापसाचा बोळा चिकटवलेला, आणि तो तिच्यासाठी सफरचंदाचे कागदासारखे पातळ काप करत होता. "एकाच टोच्यात झालं आज," तो म्हणाला. "नळीवर नाव मीच लिहून दिलं. झालं का तुझं?"

"नाही. सही जुळत नाही म्हणतात."

सुरी थांबली. मी फॉर्म त्याच्यासमोर ठेवला, वर पेन ठेवलं.

"तू कर," मी म्हटलं. "तिथे तुझीच चालते."

तो फॉर्मकडेच बघत राहिला. त्याचे कान लाल झाले. ढब्बूने पेन उचललं, त्याने ते तिच्या मुठीतून हलकेच सोडवलं.

"सिस्टर म्हणाल्या होत्या, संध्याकाळपर्यंत आईने लिहिलं नाही तर वरच्या डॉक्टरांना कळवावं लागेल," तो म्हणाला. "तू भिंतीकडे तोंड करून होतीस. हाक मारली की हो म्हणायचीस, पण वळायची नाहीस. मी फॉर्म बाहेर नेला, भरला, आणून दिला. म्हटलं, तिनेच भरलाय. कुणाला कळायला नको होतं."

"मलाही?"

"तुला तर नकोच."

"आणि ते अक्षर?"

"चुकलं गं. दाखला आल्यावर दिसलं मला. आता चूक माझी म्हटलं तर फॉर्म कुणी भरला ते सांगावं लागलं असतं. मग आई, मग ताई, मग सगळे." त्याने सफरचंदाचा काप ढब्बूच्या तोंडात दिला. "तू पटापट कारणं देत होतीस. मला वाटलं, तुला बरं वाटतंय."

मी जमिनीवरच बसले. किती वेळ आम्ही दोघं एकमेकांसमोर एवढं काळजीपूर्वक वागत होतो, आणि काय दमलो होतो. जो प्रश्न विचारायचा होता तो आता साध्या आवाजात आला, जणू दूध संपलं का विचारतेय.

"त्या चार दिवसांत मी तिला घेतलं होतं का?"

तो लगेच हो म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला नसता. त्याने विचार केला. आठवून बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "सिस्टर तिला तुझ्यापाशी आणायच्या, पाजायला. तू हात लावायची नाहीस. निघायच्या दिवशी मी तुझ्या हातात दिली, पायऱ्यांवर, मला सामान घ्यायचं होतं म्हणून. तू नीट धरलीस. मानेखाली हात वगैरे. आणि मला विचारलंस, हिला किती वाजता परत द्यायचं."

मला वाटलं होतं की हे कधी ऐकावं लागलं तर मी कोसळेन. कोसळले नाही. त्या पायऱ्यांवरच्या बाईची मला कीव आली, तिने मूल नीट धरलं होतं आणि वेळ विचारून घेत होती, उशीर होऊ नये म्हणून.

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? म्हटलं, रिक्षा आली. बस."

मला हसू आलं, आणि ते हसू नीट पुरं होईना. तो घाबरून माझ्याकडे बघत होता, त्या दिवशी बघितलं असेल तसा. मग त्याने फॉर्म ओढून घेतला, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "साधं करायचं ना?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे. पण कुणी विचारलं तर सांग, मी लिहिलंय म्हणून. मी म्हणजे तू."

"आई विचारेल, का म्हणून."

"मग तेही सांग. मी बसते शेजारी."

त्याने टोपण लावलं. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. ढब्बू त्याच्या मांडीवरून घसरत, हात टेकत माझ्याकडे आली आणि माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली, तोंडाला सफरचंद लागलेलं. मी तिला उचलून घेतलं. साडेनऊ किलो आहे ती आता, हात भरून येतात. थोड्या वेळाने तो म्हणाला, "दे, बाहेरून आलीयस, दमली असशील," आणि त्याने हात पुढे केले.

"दमलेय," मी म्हटलं. "असू दे माझ्याकडे."